साडेसात की साडेआठ? दोन चार्म क्वार्कांच्या कणावरचा कोल्हापुरातला एक प्रकल्प

वहीच्या डाव्या पानावर ८.६ होतं आणि उजव्या पानावर ७.५. दोन्ही आकडे फेम्टोमीटरमधले (मिलिमीटरचा एक लाख कोटीवा भाग म्हणजे एक फेम्टोमीटर), दोन्ही एकाच कणाचा पसारा सांगणारे, आणि दोन्हींच्या खाली तांबड्या पेनानं ओढलेल्या दोन-दोन रेघा. “मॅडम, ह्यातलं एक चुकलंय. रात्री दोनपर्यंत बसलो होतो, पण कुठलं ते कळंना झालंय,” ती म्हणाली. (आमच्या कोल्हापुरात मुलीही ‘बसलो होतो’ म्हणतात, ते मी तसंच ठेवलं आहे.)

ती एमएस्सी पदार्थविज्ञानाच्या शेवटच्या वर्षाला होती आणि मी तिच्या प्रकल्पाची मार्गदर्शक. विषय मीच सुचवला होता: टीसीसी नावाचा चार क्वार्कांचा (प्रोटॉनही ज्यांचा बनतो त्या मूलकणांचा) कण आतून कसा असेल? चौघे क्वार्क एकाच पुरचुंडीत घट्ट बांधलेले, की दोन मेसॉन, म्हणजे दोन-दोनांच्या जोड्या, एकमेकांच्या सोबतीनं सैलसर राहणारे? या कामाला कोलायडर लागत नाही, मोठा संगणकही लागत नाही. प्रसिद्ध झालेले आकडे, क्वांटम मेकॅनिक्समधलं एक सूत्र आणि कॅल्क्युलेटर एवढ्यावर सुरुवात होते. मुंबई-पुण्याच्या मोठ्या संस्थांबाहेर बसूनही सैद्धांतिक भौतिकीत खरं काम करता येतं, हे मला तिला दाखवायचं होतं.

त्या दोन आकड्यांनी आमचे पुढचे पाच आठवडे घेतले. ते कसे गेले ते सविस्तर लिहिते, कारण अशा प्रकल्पात मुलं अडखळतात ती जागा नेमकी हीच असते. माझीही तिथं एक चूक झाली.

कणाची ओळख

क्वार्कांची कल्पना १९६४ सालची. मरे गेल-मान आणि जॉर्ज झ्वाइग यांनी ती एकमेकांपासून स्वतंत्रपणे मांडली. तीन क्वार्कांचा प्रोटॉनसारखा बॅरिऑन आणि क्वार्क-प्रतिक्वार्क जोडीचा पायॉनसारखा मेसॉन, इतकं आपण पाठ्यपुस्तकात शिकतो. गेल-मान यांच्या त्या दोन पानी लेखात चार आणि पाच घटकांच्या जोडण्यांचाही उल्लेख आहे, पण वर्गात तो सहसा येत नाही. अट एवढीच की आतल्या क्वार्कांचे ‘रंग’ मिळून बाहेरून कण रंगहीन दिसला पाहिजे.

नियमात बसतं म्हणून निसर्गात असतंच असं नाही. २००३ साली जपानमधल्या स्प्रिंग-८ इथल्या एलईपीएस प्रयोगानं थीटा-प्लस हा पाच क्वार्कांचा कण १५४० एमईव्हीजवळ (एमईव्ही हे कणांच्या वस्तुमानाचं आणि ऊर्जेचं एकक) दिसल्याचं जाहीर केलं. पाठोपाठ आणखी कितीतरी प्रयोगांना तो दिसला. मग २००५ मध्ये अमेरिकेतल्या जेफरसन लॅबच्या क्लास प्रयोगानं पुष्कळ जास्त डेटा घेऊन पुन्हा पाहिलं, तर शिखर जागेवर नव्हतंच. मी प्रत्येक प्रकल्पाची सुरुवात या गोष्टीनं करते. मुलांना वाटतं की आलेखावर उंचवटा दिसला की कण सापडला. तसं होत नाही, हे ज्याला आधी समजतं त्याचं पुढचं काम सरळ होतं.

त्याच २००३ साली जपानच्याच बेल प्रयोगाला एक्स-३८७२ सापडला. तो टिकला, पण त्याच्या आत काय आहे हा वाद मिटला नाही, कारण त्यात एक चार्म क्वार्क (क्वार्कांची एक जड जात) आणि एक चार्म प्रतिक्वार्क आहे. म्हणजे साध्या चार्मोनियम मेसॉनाची भेसळ त्यात असू शकते. सर्नच्या एलएचसीबी प्रयोगानं २०१५ मध्ये पेंटाक्वार्क जाहीर केले आणि २०१९ मध्ये सुमारे नऊपट डेटा घेऊन पाहिल्यावर ४४५० चं एक शिखर ४४४० आणि ४४५७ असं दुभंगलं, शिवाय ४३१२ चं नवं शिखर वर आलं. तिथंही चार्म आणि प्रतिचार्म दोन्ही आहेतच.

टीसीसी वेगळा आहे. एलएचसीबीनं तो जुलै २०२१ मध्ये जाहीर केला. त्यात दोन चार्म क्वार्क, एक अप-प्रतिक्वार्क आणि एक डाउन-प्रतिक्वार्क. दोन्ही चार्म एकाच जातीचे असल्यामुळे ते एकमेकांना नष्ट करू शकत नाहीत. त्यामुळे ‘हा साधाच मेसॉन असेल’ ही पळवाट इथं बंद आहे. किमान चार क्वार्क मानावेच लागतात. नव्या विद्यार्थ्यासाठी इतका स्वच्छ नमुना दुसरा नाही, म्हणून मी तो निवडला.

सूत्र आणि दोन उत्तरं

टीसीसीचं वस्तुमान सुमारे ३८७५ एमईव्ही. आता त्याचे चार घटक ज्या दोन मेसॉनांत वाटले जातात, त्यांतल्या डी-शून्य मेसॉनाचं वस्तुमान १८६४.८४ आणि डी-स्टार-प्लस मेसॉनाचं २०१०.२६. बेरीज ३८७५.१०. या बेरजेला उंबरठा म्हणायचं: त्याच्या वर ऊर्जा असेल तर दोन मेसॉन सुटे होऊन निघून जाऊ शकतात, खाली असेल तर ते एकमेकांत अडकलेले राहतात. टीसीसी या उंबरठ्याच्या किंचित खाली आहे. किंचित म्हणजे किती? ३८७५ एमईव्हीमध्ये एक तृतीयांश एमईव्ही, म्हणजे साधारण दहा हजारांत एक भाग.

इतक्या सैल बांधलेल्या जोडीसाठी क्वांटम मेकॅनिक्स एक सुंदर गोष्ट सांगतं. दोघांमधलं बल नेमकं कसं आहे याचा तपशील फारसा लागत नाही. बंधऊर्जा (कण उंबरठ्याच्या किती खाली आहे ते) कळली की दोघांमधलं अंतर किती लांब पसरतं हे ठरतं. बंधऊर्जेला जोडीच्या रिड्यूस्ड वस्तुमानाच्या (दोन वस्तुमानांचा गुणाकार भागिले त्यांची बेरीज) दुपटीनं गुणायचं, वर्गमूळ काढायचं आणि १९७.३ ला (एमईव्ही आणि फेम्टोमीटर यांची सांगड घालणाऱ्या स्थिरांकाला) त्यानं भागायचं. उत्तर फेम्टोमीटरमध्ये येतं. इथं रिड्यूस्ड वस्तुमान ९६७.४ एमईव्ही. बंधऊर्जा ०.३६ एमईव्ही घेतली की ७.५ फेम्टोमीटर, ०.२७३ घेतली की ८.६.

प्रोटॉनची त्रिज्या ०.८४ फेम्टोमीटर आहे. सूत्रातल्या साडेसातचा अर्थ असा की दोन मेसॉनांमधलं सरासरी अंतर (वर्गांची सरासरी घेऊन काढलेलं) सुमारे ५.३ फेम्टोमीटर येतं. शिशाच्या अणुकेंद्राची त्रिज्या साडेपाच आहे आणि त्यात २०८ प्रोटॉन-न्यूट्रॉन बसतात. इथं दोन मेसॉन तेवढं घर अडवून बसलेत. हे पहिल्यांदा समजलं तेव्हा तिनं पेन खाली ठेवलं आणि थोडा वेळ काही बोललीच नाही. मला अशा क्षणांसाठी शिकवावंसं वाटतं.

पण ०.३६ आणि ०.२७३ हे दोन आकडे आले कुठून? दोन्ही एलएचसीबीचेच. २०२२ मध्ये एकाच डेटावर दोन लेख प्रसिद्ध झाले. एकात उंबरठ्यापासूनचं अंतर उणे २७३ केईव्ही (हजार केईव्ही म्हणजे एक एमईव्ही), चूक, म्हणजे मोजमापातली अनिश्चितता, ६१. दुसऱ्यात उणे ३६०, चूक ४०.

वडिलांचा डायल गेज

तिची पहिली शंका मात्र वेगळीच होती, आणि ती रास्त होती. डी-शून्याच्या वस्तुमानात ५० केईव्हीची अनिश्चितता आहे, डी-स्टारच्याही वस्तुमानात तेवढीच. म्हणजे नुसत्या उंबरठ्याच्या जागेतच ७० ते १०० केईव्हीची गडबड. मग त्या उंबरठ्यापासूनचं अंतर ४० केईव्हीच्या चुकीनं कसं सांगता येईल? मोजपट्टीच जाड असेल तर रेघ बारीक कशी काढणार?

मी तिला समीकरण लिहून दाखवणार होते. त्याआधीच एका रविवारी तिनं ते घरी वडिलांना सांगितलं. वडील शिवाजी उद्यमनगरात टर्नर आहेत, तीस वर्षं लेथवर उभे. त्यांना क्वार्क माहीत नाहीत, पण मोजणं माहीत आहे. त्यांनी जे सांगितलं ते तिनं सोमवारी मला त्यांच्याच शब्दांत ऐकवलं (स्लिप गेज म्हणजे नेमक्या जाडीचा ठोकळा, डायल म्हणजे बारीक फरक काट्यानं दाखवणारं मापक): “दोन जॉब व्हर्नियरनं येगळं-येगळं मोजून वजा कशाला करायचं? स्लिप गेज लावायचा, डायल शून्याव आणायचा, मग जॉब खाली सरकवायचा. काटा किती हलला तेवढंच बघायचं.”

अगदी हेच एलएचसीबीनं केलं आहे. टीसीसी मोडतो तेव्हा दोन डी-शून्य आणि एक पायॉन बाहेर पडतात. प्रत्येक डी-शून्य पुढं केऑन आणि पायॉनात मोडतो, त्यांच्या वाटांवरून त्याची ओळख पटते. हिशोब करताना डी-शून्याचं वस्तुमान ठरावीक धरून ठेवतात. म्हणजे टीसीसीच्या बाजूला दोन डी-शून्य, आणि उंबरठ्याच्या बाजूलाही दोन डी-शून्य अधिक ‘डी-स्टार वजा डी-शून्य’ हा फरक. वजाबाकीत दोन्हीकडचे डी-शून्य उडून जातात, त्यांची अनिश्चितताही त्यांच्याबरोबर जाते. उरतो तो फरक, आणि तो १४५.४२५८ एमईव्ही इतका नेमका माहीत आहे की चूक जेमतेम २ केईव्ही. स्लिप गेज तोच आणि डायल शून्यावर आणणं तेही तेच.

प्रकल्पाच्या अहवालात हा परिच्छेद तिनं स्वतः लिहिला आणि ‘कंपॅरेटर पद्धत’ असं नाव दिलं. मी त्यातला एकही शब्द बदलला नाही.

माझी चूक

चुकांचा हिशोब सुटला, पण दोन आकडे तसेच राहिले. ६१ आणि ४० या चुका पाहता २७३ आणि ३६० तसे एकमेकांच्या फार लांब नाहीत. म्हणून मी तिला म्हटलं, “३६० घे. तो जास्त नीट काढलाय.” आणि आम्ही पुढं गेलो.

हे चुकलं. सल्ला चुकीचा नव्हता, पण कारण न सांगता दिला. तिनं ३६० घेतला, ७.५ काढला आणि अहवालात लिहिलं: ‘प्रयोगात मोजलेली बंधऊर्जा ३६० केईव्ही आहे. त्यावरून टीसीसी हा दोन मेसॉनांचा रेणू आहे हे सिद्ध होतं.’ मी ते वाचलं आणि सही केली.

विभागातल्या चर्चासत्रात तिनं ते सादर केलं तेव्हा पहिल्या वर्षाच्या एका मुलानं हात वर केला. त्यानं मूळ लेख चाळले होते. “ताई, एका लेखात ह्या कणाच्या नोंदी ११७ आहेत आणि दुसऱ्यात १८६. डेटा एकच म्हणताय. मग सत्तर कण मधेच कुठनं आले?”

तिला उत्तर देता आलं नाही. मलाही तिथल्या तिथं नीट मांडता आलं नाही. सभागृहातला पंखा तेवढा ऐकू येत होता. प्रश्न मात्र अचूक जागी लागला होता.

एकच शिखर, दोन साचे

आलेखावर जे शिखर दिसतं ते कणाचं खरं रूप नसतं. मोजणारं यंत्र त्याला पुसट करतं, आणि इथं हा पुसटपणा सुमारे ४०० केईव्ही आहे. कणाचं खरं शिखर त्याहून खूप अरुंद असेल, तरी आपल्याला दिसणार ते पुसटलेलंच. त्यामुळे आतलं खरं रूप काय असेल याचा एक साचा आधी मानावा लागतो, त्याला पुसट करावं लागतं आणि मग डेटाशी जुळवून पाहावं लागतं.

पहिला साचा ब्राइट-विग्नर. रेझोनन्ससाठी (अल्पायुषी कणाच्या शिखरासाठी) आपण पहिल्या वर्षापासून वापरतो तोच. तो लावला की अंतर उणे २७३ केईव्ही, रुंदी ४१० केईव्ही आणि नोंदी ११७ (चूक १६). कण आहे की नाही हे ठरवायला हा साचा पुरेसा आहे: शिखर योगायोगानं आलं नाही, याची खात्री वीस सिग्माच्याही पुढची (सिग्मा म्हणजे निकाल योगायोगापासून किती दूर आहे याचं माप). शिखर उंबरठ्याच्या खालीच आहे ही खात्री ४.३ सिग्मा. थीटा-प्लसची गोष्ट आठवणाऱ्याला या आकड्यांनी बरं वाटतं.

पण या साच्याला उंबरठा माहीतच नाही. ३८७५.१० एमईव्हीला एक दार उघडतं, त्याच्या वर गेल्यावर कणाला डी-स्टार आणि डी-शून्य असं मोडण्याची नवी वाट मिळते, याची त्याला दखल नाही. दूरच्या रेझोनन्सला त्यानं फरक पडत नाही. टीसीसी तर दाराला पाठ टेकून उभा आहे.

दुसरा साचा हे दार धरून बांधलेला आहे. सगळ्या वाटांनी मोडण्याच्या संभाव्यता मिळून शंभर टक्केच झाल्या पाहिजेत, ही अट त्यात पहिल्यापासून पाळलेली आहे. त्यातून निघणारं रूप घंटेसारखं नाही: उंबरठ्याच्या खाली सुईसारखं अरुंद शिखर, आणि वर लांबवर पसरत गेलेलं शेपूट. सुईची जागा उणे ३६०, रुंदी अवघी ४८ केईव्ही. आणि जे शेपूट पहिल्या साच्यानं पार्श्वभूमीत टाकलं होतं ते दुसऱ्या साच्यात कणाच्या खात्यावर येतं. नोंदी ११७ वरून १८६ (चूक २४) झाल्या त्या अशा. मधेच कुठून कण आले नाहीत. कोणत्या नोंदी कणाच्या आणि कोणत्या पार्श्वभूमीच्या, याची वाटणी बदलली.

हे समजल्यावर तिनं विचारलं, “मग डेटा कुठला साचा खरा म्हणतो?” खरं उत्तर असं की ४०० केईव्हीच्या पुसटपणातून ४१० ची रुंदी आणि ४८ ची रुंदी यांतला फरक डेटाला एकट्यानं ठामपणे सांगता येत नाही. दुसरा साचा आपण निवडतो तो भौतिकीच्या कारणानं: उंबरठ्यापाशी संभाव्यतेचा हिशोब तिथंच नीट जमतो. आमच्या सूत्रात जी बंधऊर्जा लागते ती शिखराच्या टोकाची जागा नव्हे, तर अँप्लिट्यूडच्या पोलची जागा (गणितातलं सूत्र ज्या ऊर्जेला अनंत होतं ती); म्हणून ३६० हाच आकडा योग्य, आणि ८.६ हे उत्तर बाद. मी पहिल्याच दिवशी एवढं सांगायला हवं होतं.

पण ३६० हा ‘मोजलेला’ आकडा नाही. मोजलेल्या आलेखावर साचा लावून मिळालेला आकडा आहे. त्या साच्यात कणाची आयसोस्पिन शून्य मानली आहे, स्पिन एक आणि पॅरिटी धन मानली आहे (या तिन्ही कणाच्या क्वांटम खुणा), आणि कणाचा संबंध डी-स्टार-डी जोडीशी आहे असं धरलं आहे. या गोष्टी मानायला चांगली कारणं आहेत. तरी मानलेलं आणि मोजलेलं एका वाक्यात मिसळलं की पुढच्या वाचणाऱ्याला ते वेगळं करता येत नाही. तिच्या वाक्यात ते मिसळलं होतं, आणि त्यावर माझी सही होती.

शेपूट आणि जनावर

आता उरलं वाक्याचं दुसरं टोक: ‘रेणू आहे हे सिद्ध होतं.’ इथं आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवला, आणि प्रकल्पातला मला सर्वांत आवडलेला भाग हाच.

साडेसात फेम्टोमीटर ही लांबी कशाची आहे? दोन मेसॉन एकमेकांपासून दूर असताना त्यांची वेव्ह फंक्शन किती सावकाश उतरत जाते, त्याची. बंधऊर्जा कळली की ही उतरण ठरली, कणाच्या पोटात काहीही असो. पण एकूण कणाचा किती हिस्सा या उतरणीत आहे आणि किती आतल्या घट्ट पुरचुंडीत, हे ती लांबी सांगत नाही. शेपटाची लांबी कळली म्हणजे सगळं जनावर शेपटातच आहे असं होत नाही. तिला हे पटायला दोन दिवस लागले, कारण तिनं एक छान आकडा काढून ठेवला होता: पायॉनच्या बलाचा पल्ला १.४ फेम्टोमीटर धरला तर दोन्ही मेसॉन ६९ टक्के वेळ एकमेकांच्या त्या पल्ल्याबाहेर असतात. आकडा बरोबर आहे. पण तो काढताना घट्ट पुरचुंडीचा हिस्सा शून्य धरलेला आहे. जे दाखवायचं तेच आधी मानलेलं.

हा हिस्सा मोजण्याची वाट स्टीव्हन वाइनबर्ग यांनी १९६५ मध्ये ड्यूटेरॉनसाठी (जड हायड्रोजनच्या अणुकेंद्रासाठी) दाखवली. घट्ट हिस्स्याला झेड म्हणू. झेड शून्य असेल तर दोन कणांची स्कॅटरिंग लेंग्थ (मंद गतीनं जवळ येताना ते एकमेकांवर किती लांबून परिणाम करतात त्याचं माप) त्या उतरणीच्या लांबीइतकी येते. झेड वाढला की ती आखूड होते आणि इफेक्टिव्ह रेंज (वेग वाढल्यावर त्या मापात करावी लागणारी पहिली दुरुस्ती) मोठी ऋण होत जाते. ड्यूटेरॉनची उतरण ४.३ फेम्टोमीटर, स्कॅटरिंग लेंग्थ ५.४, इफेक्टिव्ह रेंज अधिक १.७६. झेडला जागाच उरत नाही. ड्यूटेरॉन म्हणजे प्रोटॉन आणि न्यूट्रॉनची जोडी.

टीसीसीसाठी एलएचसीबीच्या साच्यातून स्कॅटरिंग लेंग्थ, चिन्ह बाजूला ठेवून, ७.१६ येते. (तिला एक काल्पनिक भागही आहे, कारण डी-स्टार स्वतःच टिकाऊ नाही.) तिनं लगेच सूत्रात घालून झेड आठ टक्के काढला आणि धावत आली. म्हणजे ब्याण्णव टक्के रेणू!

मी तिला सूत्राच्या शेवटी सोडून दिलेली दुरुस्ती बघायला सांगितली. वाइनबर्ग यांच्या सूत्रात बलाच्या पल्ल्याएवढी, म्हणजे सुमारे १.४ फेम्टोमीटरची भर गृहीत धरून सोडलेली असते. आमच्या हातातला फरक ७.४८ वजा ७.१६, म्हणजे ०.३२. जी गोष्ट आपण सोडून दिली ती हातातल्या गोष्टीच्या चौपट मोठी. त्यावरून आठ टक्के म्हणणं म्हणजे गुळाच्या मापाच्या काट्यावर सोनं तोलणं. ती म्हणाली, “पप्पा म्हणले असते, ह्या व्हर्नियरला ते वाचाय येत न्हाई.” बरोबर. एलएचसीबीनं स्वतः जी मर्यादा दिली आहे ती कितीतरी सावध आहे: झेड ०.५२ पेक्षा कमी, ९० टक्के खात्रीनं. म्हणजे निम्म्याच्या आसपासचा हिस्सा घट्ट असण्याची शक्यताही अजून मिटलेली नाही.

सैद्धांतिक बाजूनंही एकच सूर नाही. दोन जड क्वार्क आणि दोन हलके प्रतिक्वार्क अशी जोडणी, जड क्वार्क पुरेसे जड असतील तर बांधली जाईल, हे अडेर, रिशार आणि ताक्सिल यांनी १९८२ मध्येच मांडलं होतं. कारण समजायला सोपं आहे: जड जोडी एकमेकांजवळ घट्ट बसते आणि बाहेरून एका जड प्रतिक्वार्कासारखी वागते, मग भोवतीचे दोन हलके प्रतिक्वार्क धरून सगळं एखाद्या प्रतिबॅरिऑनसारखं दिसतं. २०१७ मध्ये एलएचसीबीला दोन चार्म असलेला बॅरिऑन ३६२१ एमईव्हीला सापडला. त्याचं वस्तुमान वापरून कार्लिनर आणि रोझनर यांनी त्याच वर्षी टीसीसीचं भाकीत केलं: ३८८२, चूक १२. प्रत्यक्ष ३८७५. घट्ट पुरचुंडीच्या चित्रातून आलेलं भाकीत इतकं जवळ यावं, याकडे रेणूवाल्यांनाही दुर्लक्ष करता येत नाही. उलट कण नेमका उंबरठ्याला चिकटून असणं हे रेणूच्या बाजूचं बळ. लॅटिसवर (अवकाश-काळाच्या जागी बिंदूंची जाळी धरून, संगणकावर) थेट क्वार्क-ग्लुऑनांपासून हिशोब करणाऱ्यांत आपल्याकडचे एम. पद्मनाथ आहेत, त्यांनी आणि साशा प्रेलोव्शेक यांनी २०२२ मध्ये पायॉन खऱ्याच्या दुप्पट जड (२८० एमईव्ही) घेऊन डी आणि डी-स्टारचं स्कॅटरिंग काढलं. तिथं त्यांना पोल दिसला, पण खरा बांधलेला कण म्हणून नव्हे. बंधनाला थोडं बळ कमी पडल्यावर जी आभासी अवस्था राहते ती. पायॉन खऱ्याइतका हलका झाला की ती बांधली जाईल असं वाटायला जागा आहे.

तोंडी परीक्षा

एप्रिलच्या अखेरीस तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिलाच प्रश्न असा विचारला: “तुमच्या साच्यात डी-स्टार-डी जोडी मानलेलीच आहे. मग रेणू मानून रेणूच सिद्ध केला, नाही का?”

ती म्हणाली, “सर, म्हणूनच मी ‘सिद्ध’ हा शब्द काढला.” आणि तिनं नवा तक्ता पुढं सरकवला. त्यात तीन रकाने होते. पहिल्यात मोजलेलं: शिखर, यंत्राचा पुसटपणा. दुसऱ्यात मानलेलं: साचा, आयसोस्पिन, स्पिन, पॅरिटी. तिसऱ्यात त्या दोन्हींवरून निघालेलं: ३६०, ७.५, झेडची मर्यादा. निष्कर्षाचं वाक्य आता असं होतं: ‘दुसऱ्या साच्यातली गृहीतकं खरी असतील तर टीसीसीच्या बाहेरच्या भागात दोन मेसॉनांची सुमारे साडेसात फेम्टोमीटर लांबीची सैल जोडी आहे, आतला घट्ट हिस्सा किती, हे आजच्या डेटावरून ठरत नाही.’

परीक्षकांनी तक्ता बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, दुसऱ्या जोडीचं काय? डी-शून्य आणि डी-स्टार-प्लस ही एक जोडी झाली. डी-प्लस आणि डी-स्टार-शून्य ही दुसरी, तिचा उंबरठा ३८७६.५१. हे तिनं तयार केलं होतं. दुसरा उंबरठा १.४ एमईव्ही वर असल्यामुळे त्या जोडीची उतरण ३.४ फेम्टोमीटरच येते, म्हणून आत दोन्ही जोड्या सारख्या असल्या तरी बाहेरच्या टोकाला पहिलीच उरते. इथं मात्र तिच्या आवाजात पहिल्यांदा ठामपणा होता, आणि तो ठामपणा आकड्यांना झेपणारा होता.

निकालानंतर एक दिवस ती पेढे घेऊन घरी आली. वळवाचा पाऊस नुकताच पडून गेला होता, राजारामपुरीत दिवे गेले होते. पेढ्यांच्या खोक्याबरोबर एक दुमडलेला कागद होता. चार्मच्या जागी त्याहून जड असे बॉटम क्वार्क घातले तर काय होईल, हे तिनं करून पाहिलं होतं. कार्लिनर आणि रोझनर यांचं भाकीत आहे की दोन बॉटमचा तो कण १०३८९ एमईव्हीला, उंबरठ्याच्या २१५ एमईव्ही खाली असेल. तो कण अजून कुणाला सापडलेला नाही. तिनं तेच आमचं सूत्र लावलं, बॉटम असलेल्या दोन बी मेसॉनांचं रिड्यूस्ड वस्तुमान घातलं, आणि उत्तर आलं ०.१८ फेम्टोमीटर.

“मॅडम, एक बी मेसॉनच ह्याच्यापेक्षा मोठा असतोय. दोन मेसॉन ०.१८ मध्ये बसायचे कसे? हितं दोन मेसॉन असं म्हणायलाच जागा न्हाई.” मेणबत्तीच्या उजेडात तिनं त्या आकड्यावर तिरकी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं: सूत्राच्या हद्दीबाहेर. मग कागद उलटून कोऱ्या बाजूला चार क्वार्कांचं समीकरण मांडायला घेतलं.